डावा खांदा

“इथं?” डॉक्टर नीरजानं रामकिसनरावांच्या डाव्या खांद्यावर बोट दाबलं.

“व्हय.”

“ठणकतं का?”

“न्हाय. जड हाय. कायतरी ठिवल्यावानी.”

सून राजेश्वरी शेजारीच उभी होती. नळदुर्गच्या या दवाखान्यात तिनंच सासऱ्यांना बळंबळं पाठवलं होतं, आणि मागोमाग स्वतः आली होती.

“मामा आपल्या तोंडानं सांगायचे न्हाईत, डॉक्टर. आत्याबाई गेल्यापासनं असंच हाय. सारखा खांद्याला हात. बाम लावते म्हणलं की उठून जात्यात. गाडीवर मागं बी बसू देत न्हाईत. आज मामा गाडीवर आन् मी एसटीनं.”

“तुझं वजन काय कमी हाय व्हय?” रामकिसनराव म्हणाले. राजेश्वरीनं तोंडाला पदर लावून हसू दाबलं.

एक्स-रे साफ होता. हाडाला, शिरेला काही नव्हतं. नीरजानं जरा थांबून विचारलं, “काका, काकूंना खांदा दिला होता?”

“दिला.”

“हाच?”

“ह्यो बी दिला.”

नीरजाला उलगडा झाल्यासारखं वाटलं. तिनं खुर्ची जवळ ओढली. “तिरडी खाली ठेवली, पण तुमच्या मनानं ती अजून ठेवली नाही. माणूस मनातलं बोलला नाही की ते अंगावर येतं. दुखणं खोटं नाही. पण त्याचं मूळ खांद्यात नाही.”

रामकिसनरावांनी नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, “मंजी समदं जातंय?”

“सगळं जाईल.”

त्यांनी सुनेकडं पाहिलं आणि मान हलवली.

गोळ्या थोड्याच दिल्या. हाताचा व्यायाम सांगितला. आणि रोज संध्याकाळी सुनेजवळ बसून काकूंच्या गोष्टी करायच्या, असं बजावलं.

ते निघाले तेव्हा नीरजानं खिडकीतून पाहिलं. रामकिसनरावांनी मोटारसायकल चालू केली आणि तशीच धरून ठेवली. जरा वेळानं सोडली. गतिरोधकावरून तर मागं भरली घागर असल्यासारखी नेली. खांद्याला हिसका बसू नये म्हणून असेल, तिला वाटलं.

राजेश्वरीनं सगळं मनावर घेतलं. रोज चहा घेऊन सासऱ्यांसमोर बसायची. सासूबाईंनी, कमलबाईंनी, पहिल्यांदा केलेली कच्ची भाकरी, जत्रेत हरवलेली चप्पल, सगळं उकरून काढायची. दोघं हसायची, डोळेही पुसायची.

पुढच्या महिन्यात रामकिसनराव एकटेच आले.

“आज गाडी नाही, काका?”

“न्हाय. एसटीनं आलो.”

त्यांनी न सांगता हात सरळ वर नेला. नीरजानं खांदा दाबून पाहिला. “जड?”

“न्हाय. परवापास्नं कायबी न्हाय.”

“राजेश्वरीकडून पेढेच घेते आता.” नीरजा खूष झाली. पण ते उठेनात. “मग आता काय होतंय?”

त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

“सुनंला सांगू नका. लई केलं पोरीनं.” त्यांनी डाव्या खांद्याला हात लावला. “आमची ही माझं नाव घेत नव्हती. हाक बी मारायची न्हाय कधी. गाडीवर मागं बसली की ह्या खांद्यावर हात टेकवायची. मंजी, बसले, चला.”

नीरजानं त्या खांद्याकडं पाहिलं.

“त्यो भार माघारी येईल असलं काय औषध हाय का बघा, बाई. परवापास्नं दारात गाडी चालू करून बसतोय, पर सोडायची कवा, ते कळंना.”