एकदाच नेसलेली

"बाईसाब? तुमी हितं कावून?"

विमलबाईंचा हात पिशवीवर आवळला. पैसे देताना त्यांनी तोंडावरचा स्कार्फ जरा खाली ओढला होता, आणि तेवढ्यात हा आवाज. वळून बघायची गरज नव्हती. तेलगावला त्यांच्या अंगणात अकरा वर्षं हा आवाज रोज सकाळी ऐकू यायचा. गोठा झाडणारी सरूबाई.

परळीला बंद पडलेल्या जिनिंगच्या शेडमध्ये जुन्या कपड्यांचं मोठं दुकान निघालंय, हे विमलबाईंना एसटीत शेजारी बसलेल्या बाईकडून कळलं होतं. हैदराबादहून गठ्ठे येतात. साड्यांचे ढीग वेगळे, शर्टांचे वेगळे. गावापासून लांब, ओळखीचं कोणी भेटणार नाही, म्हणून त्या घरी काही न सांगता इथवर आल्या होत्या.

रविवारी उमापूरचे पाहुणे त्यांच्या मुलीला, संस्कृतीला बघायला येणार होते. नवरा सुंदरराव जिल्हा परिषदेला दोनदा उभे राहिले आणि दोन्हीदा पडले. दुसऱ्या खेपेच्या खर्चात रस्त्याकडची सगळी जमीन गेली. व्यवहार गुपचूप झाला होता; गावातही कुणाला पत्ता नव्हता, उमापूरला तर नाहीच. पाहुणे सुंदररावांच्या नावावर येत होते, आणि मुलगी त्या नावाला शोभेल अशी दिसायला हवी होती.

ढिगामागून ढीग उपसल्यावर विमलबाईंना ती मिळाली. हिरवी, जांभळ्या काठाची, अस्सल रेशमाची. तीनदा दारापाशी उन्हात नेऊन बघितली. डाग नाही, धागा निघालेला नाही. पर्समध्ये आता फक्त परतीच्या अर्ध्या तिकिटाचे पैसे होते.

"द्यायला आले होते," त्या म्हणाल्या. "घरात जुन्या साड्या लई झाल्या. म्हटलं, कुणा गरिबाच्या अंगाला लागतील."

"तुमचा हात पैल्यापासून देता," सरूबाई म्हणाली.

विमलबाईंना जरा धीर आला. खोटं नव्हतं ते. दर दिवाळीला त्या सरूबाईला आपल्या साड्या द्यायच्या. वरच्या पायरीवरून गाठोडं टाकायच्या, खाली अंगणात उभी राहून ती पदरात झेलायची. हुकलं की घरातली पोरं हसायची. विमलबाईही हसायच्या. सरूबाई त्यांच्याहून दहा वर्षांनी मोठी होती, पण धावायची अजून चपळाईने. पुढे तिची मुलगी चैताली नर्स झाली आणि मायलेकी परळीला राहायला आल्या. जाताना सरूबाई निरोप घ्यायलाही आली नाही. त्याचं विमलबाईंना तेव्हा वाईट वाटलं होतं.

"मी गोधड्या शिवते आता," सरूबाई म्हणाली. "दर बुधवारी येते हितं, जुनेर न्यायला. बघू, काय आनलंय?"

पिशवी तिने हातातून घेतलीसुद्धा. साडी बाहेर काढली, घडी उलगडली, काठावरून बोट फिरवलं.

"एकदाच नेसलेली दिसती."

"हो. संस्कृतीची आहे. एकदाच नेसली तिनं."

"मंग दुकानाला कावून देताव? त्यो इकून पैसे करंल. मला द्या की."

विमलबाईंनी गल्ल्याकडे बघितलं. दुकानदार सोमनाथने मान खाली घातली आणि पावतीपुस्तकाची पानं उलटायला लागला.

"ही नको गं, सरू. तू घरी ये. याहून चांगली काढून ठेवते तुझ्यासाठी."

"येतेच की. उद्याच यायचं हाय तेलगावला. भाचीच्या लेकराचं बारसं हाय. समद्या बाया गोळा होतील. इचारतील, बाईसाब कुठं भेटल्या? मी म्हनंन, परळीला, जुन्या कापडाच्या दुकानात." सरूबाई हसली. "काय करायला आलत्या म्हनल्या, तर ही साडी दावीन. दिलेली साडी डोळ्यानं बघितली म्हंजी कुनाला खोटं वाटायचं न्हाई."

उमापूरच्या मुलाची मावशी तेलगावातच होती. तिच्या घरापासून सरूबाईच्या भाचीचं घर दोन गल्ल्यांवर.

सरूबाईने साडीची नीट घडी घातली आणि परत विमलबाईंच्या हातात ठेवली. मग आपला पदर दोन्ही हातांनी पसरला.

"द्या. तुमच्या हातानं द्या."

ढिगांवर वाकलेल्या दोन-तीन बायका मान वर करून बघायला लागल्या. विमलबाईंनी साडी त्या पदरात ठेवली. बोटं सुटायला वेळ लागला.

"लई उपकार झाले बघा," सरूबाई मोठ्याने म्हणाली. "पोरीला सांगा, सरूमावशीनं आशीर्वाद दिलाय."

विमलबाईंनी स्कार्फ डोळ्यांपर्यंत वर घेतला. दारात त्यांचा पाय उंबऱ्याला अडखळला. बाहेर वीज केंद्राच्या राखेचा एक टँकर धूळ उडवत गेला. रिकामी पिशवी छातीशी धरून त्या स्टँडच्या दिशेने चालायला लागल्या. रविवारी पोरीला काय नेसवायचं, एवढाच विचार डोक्यात होता.

त्या दिसेनाशा झाल्यावर सोमनाथ गल्ल्यामागून उठून आला.

"मावशी, काय केलंत हे? त्या बाईनं ती साडी आत्ताच इकत घेतलती माझ्याकडून. पोरीला बघायला पाहुणे येणारेत म्हणून हात जोडून भाव कमी करून घेतला तिनं. दोन तास ढीग उपसत होती बिचारी."

सरूबाई साडी आपल्या पिशवीत ठेवत होती. काठ दुमडू नये म्हणून तिने ती सावकाश, सरळ ठेवली.

"म्हाईत हाय," ती म्हणाली. "तिनं पैसे देस्तोवर थांबले न्हाई का मी?"