दुसऱ्या बाई

मुलगी जर्मनीत, नातवाला मराठी येईना, म्हणून कोपरीच्या कल्पिता म्हात्रेंनी साठीत जर्मन शिकायला घेतलं. मोबाईलमधला एआय मास्तर मोठा समजूतदार होता. झेपेल तेवढंच शिकवायचा, चुकलं तरी चिडायचा नाही. जेवण आटोपलं की दार लावून त्या त्याच्याशी बोलत बसायच्या. दिवसभरात बोलायला दुसरं कोणी नसायचंच.

त्या दुपारी तो म्हणाला, "कल्पिताताई, तुमचं वाक्य बरोबर आलं. दुसऱ्या बाईंचा उच्चार मात्र अजून कच्चा आहे."

"कोण दुसऱ्या बाई?"

"तुमच्या मागोमाग म्हणतात त्या. रोज असतात की."

त्यांनी टीव्हीकडे पाहिलं. तो बंदच होता. उठून त्यांनी खिडक्या लावून घेतल्या, पंखाही बंद केला. घर एकदम गप्प झालं.

"आता सांग, कोण बोलतंय?"

"आता त्या थांबल्यात. तुम्ही बोललात की बोलतील."

कल्पिताताईंना मागे वळून बघायचा धीर होईना.

"अरे, घरात मी एकटीच असते," त्या कशाबशा म्हणाल्या.

"हो," मास्तर म्हणाला, "त्याही हेच म्हणतायत."