मधल्या दाराची कडी

मधल्या दाराची कडी वाजली. गिऱ्हाईक भाव ऐकून उठायला लागलं, की नारायणराव फटफट्यांच्या दुकानातून अशीच कडी वाजवत. त्यांची बायको शामला निमूट तबक घेऊन बाहेर आली, गिऱ्हाइकानं पसंत केलेल्या फटफटीला कुंकू लावून तिनं ओवाळलं.

निघालेले बेंबळी गावचे उत्तरेश्वरअप्पा थबकले. "लई महाग सांगत्यात दाजी. पन ताई, तुमच्या हातचं कुंकू लागलेली गाडी सोडून जाऊ व्हय?" हसत त्यांनी सांगितलेला भाव कबूल केला आणि भावानं टाकावी तशी तबकात ओवाळणीही टाकली.

शामलाची मान वर होईना. पदर धरून उभी असलेली नीला म्हणाली, "आई, मामा तर नको म्हणत होते. मग तू कुंकू का लावलंस?"