पोचलास की मिस कॉल दे

बुटाची नाडी त्याने सोडून पुन्हा बांधली. आत्या दारातच उभी होती, पण काही बोलेना.

एरवी तो निघाला की ती गॅलरीत धावायची आणि त्याची गाडी वळेपर्यंत ओरडत राहायची, "हात बाहेर काढू नकोस रे! पोचलास की मिस कॉल दे!" चाळिशीच्या माणसाला! तिची जुनी हिरवी शाल पांघरून, नाकावर चष्मा ओढून तो स्टेजवर तिची हीच नक्कल करायचा. त्यावरच त्याचं नाव झालं. आता तर शेवटचं वाक्य प्रेक्षकच म्हणायचे.

मागच्या महिन्यात इथे सांगलीत त्याचा शो झाला. आत्याला त्याने हौसेने पहिल्या रांगेत बसवलं. तीही हसली. बाहेर पडताना मात्र हळूच म्हणाली, "मी एवढी ओरडते होय रे? शेजारपाजारचे काय म्हणत असतील!"

"येतो मग, आत्या," आज तो जिन्यातून म्हणाला.

"ये हं."

गाडीपाशी येऊन त्याने वर पाहिलं. गॅलरीचं दार बंदच होतं. तरी तो थोडा वेळ थांबला.

संध्याकाळी पुण्याचा शो संपला. शाल काढून तो विंगेकडे वळला, तसं अख्खं थिएटर ओरडलं, "पोचलास की मिस कॉल दे!"

तो थबकला. माइकपाशी परत आला.

"पुन्हा एकदा म्हणा ना," तो म्हणाला.

लोक पोट धरून हसले. त्यांना तोही विनोदच वाटला.