पेट्रोल पिणारी गाडी

"गाडी पेट्रोल पिते, कारण तुझा पाय जड आहे," असं विद्याधरराव बायकोला रोज ऐकवत. चौपन्नाव्या वर्षी हौसेने गाडी शिकलेल्या मंदाकिनीबाईंना ते शेवटी पटलं. कराडच्या शाळेत शिकवायला त्या पुन्हा एसटीने जाऊ लागल्या. तरी विद्याधररावांच्या हातातही गाडी पेट्रोल पीतच राहिली, वर धक्केही खाऊ लागली. इंजिनाचा पिवळा दिवा लागला, तेव्हा दोघं आनंदा मिस्त्रींच्या गॅरेजात गेली.

मिस्त्रींनी स्कॅनर जोडला. "ऑक्सिजन सेन्सर गेलाय. धुरात ऑक्सिजन किती, ते हा इंजिनाला कळवतो. चुकीचं कळवतोय, म्हणून पेट्रोल जास्त जातंय."

"म्हणजे माझा पाय नव्हे?"

"पायाचा काय संबंध, वहिनी?"

त्यांनी पाना लावून सेन्सर खोलला. टोकावर विटकरी थर साचला होता. "टाकीत मायलेज वाढवायचं औषध ओतत होता काय कुणी? त्याचाच थर बसून सेन्सर जातो."

विद्याधरराव चष्मा पुसू लागले. "दर रविवारी एक बाटली," ते पुटपुटले. "ही चालवणार म्हटल्यावर पेट्रोल जास्त लागणारच, म्हणून पहिल्या दिवसापासून..."

मंदाकिनीबाई इतक्या हसल्या, की त्यांना तिथल्याच एका जुन्या टायरवर बसावं लागलं.

नवा सेन्सर बसला, दिवा विझला. विद्याधररावांनी चालकाच्या बाजूचं दार बायकोसाठी अदबीने उघडलं आणि स्वतः शेजारच्या सीटकडे निघाले.

"तुम्ही मागे बसा," बाई म्हणाल्या. "पुढे बसलात की फार बोलता."

ते निमूटपणे मागे बसले.