खिडकीवरची गोधडी

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, भर दुपारी, गीतांजलीचं डोकं दुखायला लागलं.

पुढच्या खोलीतल्या झेंडूच्या ढिगासमोर तिने हातातली सुई ठेवली, कपाळाला ओढणी करकचून बांधली आणि आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. सासरे वामनराव यांनी न सांगता टीव्हीचा आवाज बंद केला. पडद्यावरची माणसं नुसती तोंडं हलवत राहिली. अर्धशिशी उठली की उजेड नको, आवाज नको, दुखणाऱ्या माणसाला बोलायला लावू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. या घरात एकमेकांचं कोणी ऐकत नसे, डॉक्टरांचं ऐकत.

"कॅप्सूल घेतली नोती का तिनं?" तिच्या नवऱ्याने, योगेशने, आईला विचारलं.

कॅप्सूल त्यानेच अमरावतीहून आणल्या होत्या. पोट बिघडलं की डोकं धरतं, पोटात चांगले जंतू सोडून पाहू, असं तिथल्या डॉक्टरांचं म्हणणं. फ्रिजमध्ये विकायच्या शेवंतीच्या वेण्यांशेजारी ती बाटली असे. आत म्हणे कोट्यवधी जंतू, सगळे जिवंत. घरात सगळ्यात कमी आवाज त्यांचाच. आणि गुण आला होता. जंतूंचा म्हणा, वेळी-अवेळीचा चहा सुटल्याचा म्हणा, पोळ्यापासून गीतांजलीचं डोकं दुखलं नव्हतं. त्यामुळे आतल्या खोलीचं दारही लागलं नव्हतं.

"रोज घेते ना," पार्बताबाई म्हणाल्या.

"मंग आजच काहून दुखून राहिलं? एवढ्या फुलाचे हार कोण करन? पाह्य बरं माय, खरंच दुखते का."

पार्बताबाई बामची डबी घेऊन उठल्या.

आत अंधार असायला हवा होता. पण खिडकीवर टांगलेल्या गोधडीचा एक कोपरा खिळ्यावरून निसटला होता आणि अकोल्याचं ऑक्टोबरचं ऊन थेट उशीवर पडलं होतं. गीतांजली त्या उन्हात डोळे उघडे ठेवून पडली होती. तरंगणारी धूळ पाहत होती.

पार्बताबाई दारातच थांबल्या. सुनेचं दुखणं त्यांनी जवळून पाहिलं होतं. ते खरं असे तेव्हा नुसती काडी ओढली तरी ती गुडघे पोटाशी घेऊन भिंतीकडे वळे. एकदा स्टीलच्या वाटीवरची चमक पाहून ओकली होती.

गीतांजलीने त्यांना पाहिलं. उठून बसली आणि ओढणीची गाठ सोडायला लागली.

"येतो मी बाहीर," ती म्हणाली. "त्याईले सांगू नका, आई."

"दुखत नाही?"

"नाही." गाठ सुटत नव्हती. "पण डोकं दुखल्याबिगर हे दार लावताच येत नाही."

पार्बताबाईंनी डबी पलंगाच्या कडेला ठेवली. थोडा वेळ त्या उशीवरच्या उन्हाकडे पाहत राहिल्या.

"माह्या वक्ती हे घर एकाच खोलीचं होतं," त्या हळूच म्हणाल्या. "डोकं दुखाले जागाच नोती."

मग त्यांनी दार आतून लावलं. पलंगावर चढून गोधडीचा कोपरा पुन्हा खिळ्यात अडकवला. खोलीत काळोख झाला. त्यांनी पदर काढून कपाळाभोवती गुंडाळला.

"सरक जराशी."

बऱ्याच वेळाने दारावर बोट वाजलं.

"माय, तू काय करून राहिली अंदर?"

"माह्यंबी डोकं धरलं."

बाहेरून वामनरावांचा आवाज आला, "हिचं? हिचं डोकं तं मी कधी दुखलेलं आयकलं नाही."

"कधीपासून दुखते, माय?" योगेशने दाराशी तोंड नेऊन विचारलं. पहिल्यापेक्षा हळू.

पार्बताबाईंनी उत्तर दिलं नाही. दुखणाऱ्या माणसाला बोलायला लावू नये, हे घरात सगळ्यांना पाठ होतं.