भोर–वेल्हे रेल्वे

“बॅटरी पार उतरू द्यायची नाही हं, शैलजा. आणि…”

मोटारीत मागच्या सीटवर टेकलेले वसंतराव एवढं बोलून थांबले होते. पुढचा शब्द शोधत राहिले होते. सकाळपासून त्यांचा उजवा हात जड झाला होता. शेजारचा मंदार घाईनं मोटार काढत होता. शैलजाबाई खिडकीपाशी वाकून म्हणाल्या होत्या, “काळजी नको. तुम्ही परत याल त्याच दिवशी तुमची गाडी फिरेल. मग तर झालं?”

आज एकोणचाळिसाव्या दिवशी ते पुण्याहून घरी आले होते. उजवं अंग गेलं होतं, डावंही जेमतेम हलत होतं. बोलण्यात तेवढा एकच शब्द उरला होता. पाणी हवं असलं तरी ‘आणि’, कूस बदलायची असली तरी ‘आणि’.

ओटीवर गोरख त्यांचं इंजिन उताणं धरून बसला होता. कापूरहोळच्या फाट्यावर त्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं. इंजिन वीतभर लांब, पत्र्याचं, वसंतरावांनी स्वतः केलेलं. भोरला रेल्वे काही येत नाही म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांनी ती माजघरात आणली होती. रूळ कॉटखालून निघून देवघराच्या उंबऱ्यापाशी जात. कॉटजवळ ‘भोर’ अशी पाटी, उंबऱ्याजवळ ‘वेल्हे’. रुळांत वीज नव्हती. इथल्या विजेचा भरवसा नाही, असं म्हणून त्यांनी ती बॅटरीतून इंजिनाच्या पोटातच भरली होती. हातात रिमोट, त्यावर एक चकती. अंगठ्यानं चकती सरकवली की गाडी बिनतारी निघे. आज सकाळी मात्र शैलजाबाईंनी ती रुळावर ठेवली तर हलेना.

गोरखनं इंजिनाचं टोपण काढलं. आतली बॅटरी टम्म फुगली होती, तळणीतल्या पुरीसारखी.

“काकू, चार्जिंगला किती येळ लावली व्हती?”

“ते गेले त्या दिवसापासून. आज सकाळीच काढली.”

“मधी कदीच न्हाई काढली?”

“काढायची कशी? देवघरातल्या प्लगला लावली होती, नंदादीपाशेजारी. एक दिवसाआड एसटीनं पुण्याला त्यांना बघायला जायचे, तरी तेल घालायला संध्याकाळच्या आत परत यायचे. आल्या आल्या दोन्ही बघायचे. हिचा हिरवा दिवा लागलेला असायचा. लागलेला दिवा विझवायचा कसा?”

गोरखला हसू आलं. मग त्यानं ते गिळलं. “काकू, ह्यो समईतला दिवा न्हाई. पोट भरलं की पानावरनं उठू द्यायचं असतंय. तुमी आपलं आग्रह करकरून वाढतच ऱ्हायला.”

“ते म्हणाले होते, उतरू द्यायची नाही.”

“बराबर हाय की. पर भरली, हिरवा दिवा लागला, की लगेच काढायची. काकांनी सांगितलं न्हाई व्हय?”

आतून आवाज आला, “आणि…”

“ज्योतीशेजारी ठिवली व्हती म्हंता,” गोरख पुटपुटला. “देवानंच राखलं तुमास्नी, न्हाईतर पेटली असती.” त्यानं ती बॅटरी अंगणात नेऊन वाळूच्या बादलीत पुरली.

“दुसरी बसव ना, बाबा. तुझ्या दुकानातली कुठली तरी.”

“मोबाईलची हिला बसत न्हाई, काकू. पुण्यास्नं मागवाय लागंल, आठ दिस जात्याल. आतली सर्किटाची पट्टी बी जळलीया. ती तर काकांनीच बनवल्याली. कशी बनवली, त्ये त्यास्नीच ठावं.” त्यानं रिकाम्या इंजिनाचं टोपण परत बसवलं. “मला सोल्डरचा डाग द्याय त्यांनीच शिकवलं. आन् आज माजाच हात चालंना बगा. रिमोट तेवढा चांगला हाय.”

तो गेला. शैलजाबाई इंजिन पदराखाली घेऊन माजघरात आल्या.

वसंतराव कॉटवर कुशीवर होते. डाव्या हातात रिमोट होता. पुण्याच्या व्यायामाच्या बाईंनी बजावलं होतं, डावा अंगठा रोज हलवायचा, तेवढा अजून ऐकतोय. त्यांची नजर रुळांवर होती.

“आणि,” ते म्हणाले.

शैलजाबाई त्यांच्या उशापाशी बसल्या.

“आणि भरली की काढायची,” त्या हळू म्हणाल्या. “हेच सांगत होतात ना त्या दिवशी? मला आज कळलं हो.”

वसंतराव त्यांच्याकडे बघत राहिले. हो म्हणाले की नाही, ते समजायला काही मार्ग नव्हता.

गुडघ्यांमुळे दोन वर्षं शैलजाबाई तुळशीच्या प्रदक्षिणासुद्धा जागच्या जागी फिरून घालत होत्या. त्यांनी पदर खोचला. कॉटचा पाय धरून त्या खाली वाकल्या, एक गुडघा टेकला, मग दुसरा. इंजिन ‘भोर’च्या पाटीपाशी ठेवलं. चाकं रुळांत बसली की नाही, ते बोटानं चाचपलं.

“अहो, सोडा गाडी.”

चकतीवरचा अंगठा सरकला, इतका थोडा, की दुसऱ्या कुणाला दिसला नसता. शैलजाबाईंनी त्या अंगठ्यावरची नजर काढली नाही. इंजिनाच्या पाठीवर एक बोट टेकलं, आणि तो सरकला तेवढ्याच हळू गाडी वेल्ह्याकडे ढकलली.